वरच्या आळीची नावे

अल्लाहचे नाव घेऊन लिहायला बसतो.

मी, हाशम दाऊद सरखोत, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, मूळ राहणार मौजे सावरखोल, जिल्हा रायगड, सध्या मुक्काम ताइफ, सौदी अरेबिया, हे माझे शेवटचे आणि एकमेव मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. कुणी सांगितले म्हणून नव्हे, कुणाच्या धाकाने नव्हे. माझे यकृत गेले आहे. पोटात पाणी भरते ते इस्पितळात जाऊन काढावे लागते, आणि दर खेपेला ते लवकर भरते. डोके मात्र जागेवर आहे. हात कापतो म्हणून अक्षर तिरके येईल; त्यावरून कोणी मला भ्रमिष्ट ठरवू नये. सावरखोल हे गाव आता सरकारी नकाशात आहे, जमिनीवर नाही, तरी माझा मूळ पत्ता तोच लिहावा.

१. माझी माणसे

माझी पत्नी जैबुन वारली. तिला इथेच ताइफला दफन केले. आम्हाला एकच मूल, मुलगी शबनम. ती नवरा शारीक आणि मुलगी रुकय्या यांच्यासह सौदीतच थुवालला राहते. शारीकचे वडील हम्माद इब्राहीम सरखोत हे माझे सख्खे चुलतभाऊ, आणि शबनम त्यांच्या घरात दिल्यामुळे माझे व्याहीही. माझा धाकटा भाऊ कासम, त्याची बायको आणि दोन्ही मुलगे सावरखोलच्या दरडीत गेले.

याशिवाय रुमाना इसाक. ही नर्स आहे, सध्या इथेच सौदीत, हफ्र अल बातिनला इस्पितळात नोकरी करते. तिच्या दाखल्यावर आडनाव ‘वरचे’ असे आहे. ते खरे आडनाव नव्हे. ते कसे लागले ते खाली सांगतो. रुमाना माझी भावकी आहे. बाकी कलमे कुणी मानो न मानो, एवढे वाक्य नोंदले जावे अशी माझी इच्छा आहे.

२. वाटणीची रीत

शरियतप्रमाणे मला माझ्या मिळकतीच्या फक्त तिसऱ्या हिश्श्याची वसियत करता येते, तीही वारस नसलेल्याच्या नावे. उरलेल्याचा अर्धा शबनमचा. राहिलेला अर्धा जवळच्या पुरुष नातलगाचा. मला मुलगा नाही. भाऊ आणि पुतणे होते, ते मातीखाली आहेत. तेव्हा तो हिस्सा हम्मादला जातो. दरडीने माझा भाऊ नेला आणि त्याच्या जागी हम्मादला माझा वारस केले. 

३. वंशावळ

आमच्या दुकानात झगे बेतायला जो खाकी कागद वापरतात, त्याच्या लांब पट्ट्यांवर मी सरखोतांची वंशावळ लिहिली आहे. ती कपाटावर गुंडाळून ठेवली आहे. ती कशी झाली हे सांगणे भाग आहे, कारण पुढे तिच्याबद्दल खोटे बोलले जाईल.

ताइफला आलो तेव्हा फोन परवडत नसे. गावाकडे कॅसेट पाठवायची पद्धत होती. मी कोऱ्या कॅसेटी कुणी गावी निघाला की त्याच्याबरोबर द्यायचो. माझी फुफी अख्तरी, बावाची म्हणजे वडिलांची मोठी बहीण, एका बाजूला गावची खबर बोलायची, दुसऱ्या बाजूला नावे. ताइफही डोंगरावर आहे, हिवाळ्यात इथे बोटे आखडतात. मी दुकानात शेगडीशी बसून फुफीचा आवाज ऐकायचो आणि खडूने लिहायचो, मग शाईने. तिचे एक बोलणे माझ्या कानात आहे:

“लिव, हाशम. आपल्याकडं बाप्यांची नावं मशिदीत पन हायत, सरकारात पन हायत. बायांची नावं माझ्या तोंडात हायत. मी मेली का ती गेली.”

म्हणून माझ्या वंशावळीत बायका आहेत. कुठल्या गावची, कुणाची लेक, किती बाळंतपणे निभावली, कुठल्या साथीत गेली. दोघांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी नाव घातलेले नाही. सुट्टीवर गेलो की घाटपायथ्याची गावे पायी फिरायचो, कबरस्ताने बघायचो, म्हाताऱ्यांना पानसुपारी देऊन बोलते करायचो. जैबुन म्हणायची, तुम्ही सुट्टीला येता ते मेलेल्यांना भेटायला.

हम्मादने फार वर्षांपासून या वंशावळीवर डोळा ठेवला. त्याला तिच्या डोक्यावर एक अरब हवा होता. आमचे मूळ पुरुष बसऱ्याहून गलबतात आले, असे तो जमातीच्या बैठकीत सांगायचा. मी इथे ज्यांना विचारता येईल त्यांना विचारले. माझे कफील, म्हणजे ज्यांच्या जामिनावर मी इथे काम करतो ते, खूप हसले. म्हणाले, “हाशम, मला भेटणारा प्रत्येक हिंदी सांगतो की त्याचा आजा इकडचा. मग इकडे राहिले कोण?” मला बसऱ्याचा एकही पुरावा मिळाला नाही. वंशावळ आदम खोतापासून सुरू होते, कारण त्याच्या आधीचे कुणाला ठाऊक नाही.

४. वरची आळी

आदम खोत हा माझ्या पणज्याचा बाप. सावरखोलचा सारा तोच वसूल करायचा. त्याची पहिली बायको अमिना, तिच्यापासून आम्ही, म्हणजे खालची आळी. दुसरी बायको डोंगरातल्या कातकरी वाडीवरची चांगुणा. तिचा भाऊ भिकू खोताला मध आणून द्यायचा, त्या येण्याजाण्यातून हे झाले. रीतसर निकाह झाला, तिचे नाव आयशा ठेवले. फुफीच्या आजेसासूने हा निकाह पाहिलेल्या बाईकडून ऐकले होते, आणि शेजारच्या गावच्या काझींच्या घरातूनही मी तेच ऐकले.

आदम मेल्यावर अमिनाच्या मुलांनी चांगुणाच्या मुलांना वाटा दिला नाही. डोंगराच्या कुशीत, पाण्याच्या वाटेवर, कुणाला नको असलेला तुकडा राहायला दिला, तोही स्वतःच्या नावावर ठेवून. ती वरची आळी. पुढच्या पिढ्या खोताच्या घरी गवत कापायला, भात झोडायला आल्या. शाळेत गुरुजींनी नाव विचारले तेव्हा कुणीतरी म्हणाले, “हे वरचे,” आणि दाखल्यावर तेच लागले. लग्नात त्यांची पंगत आमच्यानंतर. कबरस्तानात त्यांची बाजू वेगळी. पण एखाद्या वरच्या माणसाचा चेहरा बघून खालची म्हातारी माझ्या बावाचे नाव घेऊन सहज म्हणून जायची, अगदी दाऊदसारखा दिसतो. सगळ्यांना माहीत होते. बोलत कोणी नव्हते.

हम्मादने मला पूर्वी एकदा सांगितले होते, “हाशमभाई, वंशावळ छापतो, खर्च माझा. फक्त ती डोंगरची फांदी काढ.” मी म्हणालो, फांदी काढली तर मग ती वंशावळ तुझी, माझी नव्हे. तेव्हा विषय तिथेच राहिला होता. आमचे संबंध बिघडले नव्हते. शबनमचे लग्नही त्यानंतरच झाले.

५. दरड

कोरोनाच्या दिवसांतल्या पावसाळ्यात डोंगर सुटला आणि आधी वरची आळी घेऊन मग खालच्या आळीच्या निम्म्या घरांवर आला.

मला ते रुमानाने कळवले. ती तेव्हा शहरात नर्सिंग शिकत होती, वसतिगृहात होती म्हणून वाचली; खबर लागताच गावी धावली. तिच्या बापाचा, इसाकचा, आणि माझा लहानपणापासून घरोबा, म्हणून तिच्याकडे माझा नंबर होता. मी दुकानात मशीनवर होतो. ती म्हणाली, “चाचा, वरची आळी नाय.” मला वाटले रस्ता बंद झाला असेल, लाइन गेली असेल. मी विचारले, “नाय म्हणजे?” ती म्हणाली, “नाय म्हणजे नाय. मी समोर उभी हाय. फणस पन नाय.” मग म्हणाली, “कासमचाचाचं घर पन दिसत नाय.”

कासमचे प्रेत मिळाले. त्याच्या बायकोचे मिळाले. मुलगे मिळाले नाहीत. वरच्या आळीचे तर फारच थोडे मिळाले आणि जे मिळाले ते ओळखू येत नव्हते. यंत्रे चिखलात रुतू लागली, वास सुटला, शेवटी शोध थांबवला. त्या जागेलाच कबरस्तान मानायचे ठरले. रुमानाने मला नंतर सांगितले की यंत्रवाला तिला विचारत होता, “ताई, घर नेमकं कुठं होतं?” आणि तिला जन्म घालवलेल्या घराची दिशा दाखवता येत नव्हती, कारण दिशा दाखवायला काही उरलेच नव्हते.

विमाने बंद होती. मी इथे गायबाना नमाज पढलो, मयत समोर नसताना पढतात ती. माझ्यामागे इमाद उभा राहिला, आमच्या दुकानातला येमेनी कारागीर. नमाज झाल्यावर त्याने विचारले, “किती जण?” मी नावे घेऊ लागलो. तो बराच वेळ ऐकत राहिला. मध्येच कुणीतरी गिऱ्हाईक आले, त्याला त्याने हात करून परत पाठवले.

वर डोंगरात हम्मादची दगडाची खाण होती. डोंगर खाणीमुळे सुटला, असे रुमाना म्हणते आणि मी ते इथे लिहावे असे तिला वाटते. मी लिहिणार नाही. मला ते माहीत नाही. जे माहीत नाही ते लिहायचे नाही, हा नियम मी हम्मादच्या बसऱ्याला लावला, तोच त्याच्या खाणीलाही लावतो.

६. शाळेतली बैठक

पुढे वाचलेल्या कुटुंबांसाठी सरकारने सपाटीवर वसाहत बांधली. घरांची यादी करताना जमातीचे मत घेतले. जमातीचा सदर, म्हणजे अध्यक्ष, हम्माद. माझी घरपट्टी चालू होती, म्हणून मला घर मिळाले, मी तिथे राहत नसताना. रुमाना सावरखोललाच जन्मली, तिथेच तिचे सगळे मेले, तिला नाही. कारण घर खोताच्या जागेत, घरपट्टी नाही, सातबारा नाही.

मी रजा घेऊन गेलो. जैबुन तेव्हा हयात होती. ती म्हणाली, “जाता तर जा, पण लेक त्यांच्या घरात आहे एवढं लक्षात ठेवा.” लक्षात होते.

बैठक वसाहतीतल्या शाळेत झाली. सरकारातून आलेले साहेब तरुण होते, वागायला वाईट नव्हते. त्यांनी विचारले, “या मुलीचं सरखोत कुटुंबाशी नातं काय?”

हम्माद उभा राहिला. “साहेब, आमची नोकरमाणसं होती. आमच्या जागेत आमच्या वाडवडलांनी राहायला दिलं. मुलगी चांगली आहे. जमात तिला मदत करील. पण वारस म्हणाल तर नाही.”

मी उठलो. “नोकर होती हे खरं आहे,” मी म्हणालो. “आणि भाऊबंद होती हेही खरं आहे. खोताची दुसरी बायको चांगुणा. तिचा हा वंश.” मी खाकी कागद टेबलावर उलगडला. तो टेबलावरून खाली जमिनीपर्यंत गेला. लोक माना वाकवून बघू लागले.

साहेबांनी वाकून बघितला. मग मला म्हणाले, “काका, काम फार मोठं आहे. पण हे तुम्हीच लिहिलंय ना?”

“होय.”

“सरकारी कागद आहे का काही?”

“ज्यांनी सरकारी कागद ठेवायचे, त्यांनीच यांना कागदाबाहेर ठेवलं, साहेब. मग कागद कुठून येणार?”

साहेबांनी बैठकीला विचारले, गावातल्या आणखी कुणाला हे नाते माहीत आहे का. तिथे फुफीच्या वयाची माणसे बसली होती, माझ्याबरोबर विटीदांडू खेळलेली माणसे बसली होती. त्यांची घरे यादीत अजून पक्की व्हायची होती. कुणी टोपी सारखी केली, कुणी खिडकीबाहेर बघितले. एक जण म्हणाला, “ऐकलंय असं काहीतरी. नक्की नाही सांगता येत.”

तेव्हा रुमाना मागून पुढे आली. ती रडत नव्हती. म्हणाली, “साहेब, घर राहू दे. माझा बाप कुणाचा होता एवढं लिहून द्या.”

साहेबांनी पेनाला टोपण लावले. मग म्हणाले, “ताई, तसं मला लिहिता येत नाही.”

दारात हम्मादने मला गाठले. “हाशमभाई, सगळ्या गावासमोर खोताची अब्रू काढलीस.” मी म्हणालो, “खोतानं निकाह केला. अब्रू तू काढलीस, नोकर म्हणून.” त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

७. घर

पुनर्वसन वसाहतीतले माझ्या नावचे घर मी रुमाना इसाक हिला देत आहे. ते माझ्या तिसऱ्या हिश्श्यात बसते. अलिबागच्या वकील मुग्धा दातार यांनी मोजून पाहिले आहे आणि त्याच या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक आहेत.

हयातीतच तिच्या नावावर करून देत होतो. तिने घेतले नाही. ती नोकरी लागून सौदीत आली तेव्हा ताइफला मला भेटायला आली होती, जैबुनच्या आजारात तिने रजा टाकून सेवा केली. तेव्हा मी विषय काढला. ती म्हणाली, “चाचा, दान नको. लोक म्हणतील खोतानं पुन्हा तुकडा दिला.”  म्हणून इथे स्पष्ट लिहितो: हे घर खैरात नाही, उपकार नाही, सेवेचा मोबदला नाही. आदम खोताच्या मुलांच्या वाटणीत जे द्यायचे राहिले, त्यातला हा फार लहान भाग आहे, आणि तो भावकी म्हणून तिच्याकडे जातो. ती तिथे राहो, न राहो, विको. जमातीने त्यात पडू नये.

८. शबनम

बैठकीच्या आदल्या दिवशी शबनमचा फोन आला होता. ती म्हणाली, “बावा, तुम्ही खरं सांगता हे मला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. पण तुम्ही ताइफला परत जाल. मला या माणसांत राहायचंय. गप्प बसा ना बावा.” मी तिला म्हणालो, “तुला ते काही करणार नाहीत.” ती म्हणाली, “करणार नाहीत. बोलणार नाहीत. ते तुम्हाला माहीत नाही कसं असतं.”

तिचे बरोबर होते. तिला कुणी मारले नाही, हाकलले नाही. फक्त ताइफला यायची बंदी झाली. जैबुन गेली तेव्हा शारीक तिला घेऊन आला, दफन झाल्यावर दारात गाडी आणली, बंदसुद्धा केली नाही आणि घेऊन गेला. थुवालहून ताइफ सकाळी निघाले तर दुपारच्या जेवणाला पोचता येते. नातीला, रुकय्याला, कधी फोन लावला तर ती हळू आवाजात म्हणते, “नाना, आय कान्ट टॉक नाऊ.” मागे कुणीतरी असते. मला तिच्याशी मराठीत बोलायचे होते. तिच्या पणज्यांची नावे सांगायची होती.

शबनमला तिच्या हक्काचा हिस्सा जाईलच. त्याशिवाय जैबुनच्या बांगड्या आणि गळ्यातला सर हे दागिने तिचे आहेत, ते आईचे असल्याने माझ्या वाटणीत धरू नये. लोक अशा ठिकाणी लिहितात की माझा राग नाही. माझा राग आहे. तिने आईच्या आजारात एकदा तरी भांडून यायला हवे होते. पण ती गप्प बसली ते मी गप्प बसलो नाही म्हणून, हेही मी जाणतो. शबनम, हे तू वाचशील तेव्हा शारीक शेजारी असेल. त्याच्यासमोर रडू नकोस. नंतर रड.

९. हम्माद

माझे डॉक्टर हरीश वाळिंबे हे सांगलीकडचे. पाणी काढताना ते मराठीत बोलतात, त्याने दुखणे कमी वाटते. त्यांना मी वाटणी सांगितली तेव्हा ते म्हणाले, “हाशमचाचा, हम्मादला देऊच नका. हयातीत सगळं विकून टाका. मुलीला रोख द्या, रुमानाला द्या. कोण विचारतोय?”

मी म्हणालो, “डॉक्टर, मरणाच्या दुखण्यात दिलेलं दानही तिसऱ्या हिश्श्यापुरतंच चालतं.”

“कायदा सोडा. तुमच्या मनाचं सांगा.”

मनाचे सांगायला मला दिवस लागले. पुढच्या खेपेला सांगितले. “त्याला वगळता आलं असतं तरी मी वगळलं नसतं. तो इब्राहीमचा मुलगा आहे, इब्राहीम माझ्या बापाचा भाऊ. तो कसा वागला त्यावर ते ठरत नाही. वागण्यावर नातं ठरवायला लागलो, तर त्याच्या बाजूला जाऊन बसलो म्हणायचं.”

डॉक्टरांनी सुई नीट बसवली. म्हणाले, “मला नसतं जमलं.” मलाही जमते आहे असे नाही, लिहितो आहे.

तेव्हा हम्माद इब्राहीम सरखोत याला त्याचा हिस्सा पूर्ण द्यावा. वंशावळीची एक नक्कलही द्यावी, तीही पूर्ण. मूळ खाकी कागद आणि फुफीच्या कॅसेटी रुमानाकडे राहतील. हम्मादने किंवा कुणीही वंशावळ छापायची तर सगळी छापावी. एकही नाव गाळले तर त्यावर माझे नाव घालू नये.

१०. हत्यारे

दुकानातली माझी काजाची मशीन, इस्त्री आणि मोठी कात्री इमादला द्यावी. कात्रीला धार तोच लावतो. त्याच्या गावावर बॉम्ब पडले तेव्हा मी त्याच्याकडे नावे विचारली होती, त्यानेही सांगितली होती. ती मी वेगळ्या कागदावर लिहून ठेवली आहेत, ती त्याला परत करावीत. ती अरबीत आहेत, माझे अरबी अक्षर वाईट आहे.

११. दफन

मला इथेच ताइफला दफन करावे. गावी नेऊ नये, गाव नाही. वसाहतीच्या कबरस्तानात हम्मादच्या परवानगीने मला जायचे नाही. इथल्या कबरींवर नाव लिहीत नाहीत, नुसता दगड असतो. जैबुनची कबर मलाही आता खात्रीने दाखवता येत नाही. मला ते चालेल. मी माझ्या पायांनी इथे आलो, सत्तरी गाठली, माझे नाव माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर आहे, दुकानाच्या बिलांवर आहे, मुलीच्या नावामागे आहे. मला दगडाची गरज नाही.

१२. फलक

दरडीच्या जागी हम्मादने संगमरवरी फलक उभारला आहे. रुमानाने मला त्याचा फोटो पाठवला. खालच्या आळीच्या सगळ्यांची नावे आहेत, कासमचे आहे, त्याच्या मुलांचेही. शेवटी लिहिले आहे, ‘व इतर’.

माझ्या तिसऱ्या हिश्श्यातून घर देऊन जे उरेल त्यातून वकील मुग्धा दातार यांनी त्या फलकाशेजारी साधा काळा दगड बसवावा. जमातीने जागा दिली नाही, तर रुमानाच्या घराच्या अंगणात बसवावा. तेही अडवले, तर नाही बसवला तरी हरकत नाही. त्यासाठीच ही नावे मी या मृत्युपत्रात लिहीत आहे. माझ्या पश्चात हे दुय्यम निबंधकांकडे नोंदवायचे आहे. नोंदवलेला कागद सरकार जपून ठेवते. साहेबांना जे लिहिता आले नाही ते अशा रीतीने सरकारात जाईल.

सावरखोल, वरची आळी. सर्व आदम खोत आणि चांगुणा यांचे वंशज अथवा त्या घरांत सून म्हणून आलेल्या. दरडीत मयत.

कुलसुम, इसाकची आई. डोळ्यांनी दिसत नव्हते, पण चालण्यावरून माणूस ओळखायची.

इसाक सरखोत. गवंडी. वसाहतीतल्यासारखी घरे त्याने दुसऱ्यांची पुष्कळ बांधली.

हलिमा, इसाकची बायको, रुमानाची आई.

अयूब सरखोत, इसाकचा चुलतभाऊ, आणि त्याची बायको रशिदा. रशिदा वरच्या आळीतली सुईण. खालच्या आळीतली निम्मी मुले तिच्या हातची, हम्मादचा शारीकसुद्धा.

त्यांच्या मुली फरजाना आणि मुबीना. मुबीना दहावीला होती.

गफूर सरखोत. एकटा राहायचा. बकऱ्या होत्या.

युनूस सरखोत, रुमानाचा भाऊ. शारीकच्याच वयाचा; लहानपणी दोघे एकत्र खेकडे धरायचे.

नजमा, युनूसची बायको.

युनूस आणि नजमाची मुलगी. सातव्या दिवशी नाव ठेवायचे होते, त्याआधीच दरड आली. काय नाव ठेवणार होते ते रुमानाला विचारले. तिने सांगितले की फोनवर तिने विचारले होते, तर युनूस म्हणाला, तू ये, मग सांगतो. म्हणून तिचे नाव मला लिहिता येत नाही. आडनाव लिहितो. सरखोत.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझा आहे, त्यात खाडाखोड नाही.

हाशम दाऊद सरखोत
(सही)

साक्षीदार:

डॉ. हरीश वाळिंबे, ताइफ. मृत्युपत्र करणारे माझे रुग्ण आहेत. सही करताना ते पूर्ण शुद्धीत होते. कलम बारामधली नावे त्यांनी मला दोनदा मोठ्याने वाचायला लावली.
(सही)

इमाद, कारागीर, ताइफ, मूळ राहणार येमेन. मराठी येत नाही. हाशम यांनी मजकूर अरबीत समजावून सांगितला, तो समजला.
(सही व अंगठा)

ठिकाण: ताइफ
तारीख: १४ नोव्हेंबर २०२५